एका नळीवर दोघे

शनिवार, १९ जानेवारी २०१९. सकाळचे सहा पन्नास. रियाज बागवान बारा फूट पाण्याखाली, पोहण्याच्या तलावाच्या तळाशी गुडघे टेकून, शिशाची वजनं एका ओळीत मांडतो आहे. वर अजून नीट उजाडलेलं नाही. काठावरचा एकच दिवा लागलेला आहे आणि त्याचा उजेड पाण्यातून तुटत तुटत खाली येतो. रबरी सूटच्या मानेतून आत शिरलेलं गार पाणी पाठीच्या कण्यावरून खाली उतरतं. त्याचं त्याला काही वाटत नाही. थंडी त्याला चालते. अंधार चालतो. खोलीही चालते, मालवणला तो साठ फुटांखाली जाऊन आलेला आहे. चालत नाही ते एकच. डोळे आणि नाक झाकणारा मास्क पाण्याखाली उतरवणं.

आज नऊ वाजता त्याला तो उतरवायचा आहे.

वजनं मांडून तो शिडीजवळ वर आला, तेव्हा सरोजिनी आगाशे काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. वय त्रेपन्न. एका शाळेत पीटी शिकवायच्या, ते सोडून स्कूबा डायव्हिंग शिकवायला लागल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्याला समुद्र नाही, म्हणून इथली माणसं समुद्राची जरा जास्तच तयारी करतात, असं त्यांचं म्हणणं. वर्ग आणि तलाव इथे, आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की बसने मालवण.

"झोप लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली, मॅडम."

"खोटं बोलायचं असेल तर आधी तोंड धुऊन ये. डोळे बघ स्वतःचे."

रियाजने रिकामं सिलिंडर खांद्यावर घेतलं आणि तो सामानाच्या खोलीकडे गेला.

डाइव्हमास्टर म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जाणारा आणि तितक्याच जणांना वर आणणारा वाटाड्या. त्यासाठीच्या बाकीच्या परीक्षा रियाजने दिल्या होत्या. पोहणं झालं होतं. थकलेल्या माणसाला ओढत काठापर्यंत आणणं झालं होतं. बेशुद्ध माणसाला तळावरून उचलणं झालं होतं, आणि त्यात तर त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती. मार्केट यार्डात डाळिंबाचे क्रेट उचललेल्या माणसाला ते जड गेलं नाही. राहिली होती सामानाची अदलाबदल. दोघांनी तळाशी समोरासमोर बसायचं. सिलिंडरसकट जॅकेट, पायांतले पंख, मास्क, असं एकेक करून अंगावरचं सगळं एकमेकांना द्यायचं. आणि हे होईपर्यंत दोघांनी एकाच नळीवर श्वास घ्यायचा. दोन श्वास मी, दोन श्वास तू. प्रत्येकाकडे स्वतःची नळी आणि वर एक जादा नळी असते, पण या परीक्षेत एक सोडून बाकीच्या जॅकेटला बांधून ठेवतात, हाताला लागू नयेत म्हणून.

समुद्रात हे कधी कुणाला करावं लागत नाही. मग करायला का लावतात, याचं सरोजिनीबाईंचं उत्तर ठरलेलं आहे. माणूस घाबरला की काय करतो, ते आधी तलावात कळलेलं बरं.

रियाजच्या बाबतीत ते नोव्हेंबरात कळलं होतं.

रियाज भवानी पेठेत राहतो. वय एकतीस. घरचा धंदा फळांचा. वडील होते तोवर मार्केट यार्डातल्या गाळ्यावर, ते गेल्यावर गाळा चुलत्यांकडे आणि टेम्पो रियाजकडे. त्याच टेम्पोतून चार वर्षांपूर्वी त्याने पहिल्यांदा मालवणला सिलिंडर नेली. भरताना सरोजिनीबाई मागे उभ्या होत्या.

"सांभाळून. फळं नाहीत ती, आपटायला."

"फळं आपटलेली चालतात असं कोण म्हणालं, मॅडम?"

बाईंना उत्तर आवडलं असावं, कारण पुढच्या फेरीलाही भाडं त्यालाच मिळालं. तिसऱ्या की चौथ्या फेरीत, माणसं पाण्यात असताना तो टेम्पोत पाय वर करून झोपलेला बघून त्या म्हणाल्या, "दिवसभर झोपून काय मिळतं? उतर खाली." तो उतरला. घरी आल्यावर आईने विचारलं, काय होतं तिथे? मासे होते, दगड होते, ते त्याने सांगितलंच. मग म्हणाला, "तिथं कुणी ओरडत नाही." जन्मापासून लिलावाच्या, हमालांच्या आणि हॉर्नच्या आवाजात उठलेल्या माणसाला एवढं कारण पुरलं. टेम्पो आता चुलतभाऊ चालवतो. रियाज सरोजिनीबाईंकडे सिलिंडर भरतो, तलाव सांभाळतो, नवशिक्यांच्या बाजूला थांबतो. नवशिकं माणूस पाण्याखाली घाबरलं की त्याच्या मनगटाला धरून, डोळ्यांत बघत, श्वास सावकाश घे असं हाताने सांगायचं, हे त्याचं काम. ते तो चांगलं करायचा. माणसं वर आल्यावर त्याचे आभार मानायची.

त्यामुळे नोव्हेंबरात जे झालं, ते सगळ्यांत जास्त त्यालाच अनपेक्षित होतं.

जोडीदार होता माधव सरदेसाई. वय सत्तावीस, हिंजवडीत नोकरी, कॉलेजात पोहण्याची पदकं. त्या मोसमात डाइव्हमास्टरच्या तयारीला हे दोघंच होते. तळाशी बसून त्यांनी पंख बदलले, माधवचं जॅकेट उतरवून बाजूला ठेवलं. मग मास्कची पाळी आली. रियाजने आपला मास्क काढून पुढे केला. नळी त्याच्या तोंडात होती. त्याचे दोन श्वास झाले की माधवचे दोन.

पुढचं रियाजला नीट आठवत नाही. ते व्हिडिओत आहे. परीक्षेच्या वेळी सरोजिनीबाई एक छोटा कॅमेरा तळावर ठेवतात, मागून चुका दाखवायला. व्हिडिओत असं दिसतं की मास्क निघाल्यावर क्षणभर रियाज स्थिर आहे. मग त्याचा उजवा हात नाकाकडे जातो, डोकं किंचित खाली येतं, आणि एकदम खांद्यांना झटका बसतो. नळीतून बुडबुड्यांचा मोठा लोट निघतो. तो खोकतो आहे. मग त्याचे पाय सरळ होतात आणि तो चित्राच्या वरच्या कडेतून बाहेर जातो. नळी त्याच्या दातांत आहे. तिच्यामागे माधवचा हात पुढे येतो, बोटं पसरलेली, आणि हाताला काही लागत नाही.

वर जाताना छातीतली हवा फुगते. तोंड मिटून वर गेलेल्या माणसाचं फुप्फुस पाच फुटांवरूनसुद्धा फाटू शकतं. सरोजिनीबाईंनी रियाजचा घोटा धरला, त्याला खाली खेचलं आणि पोटात मूठ दाबली, हवा सोडावी म्हणून. त्यांना हात दोनच होते. माधव सगळी हवा सोडून आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. तो एकटा वर आला, तोंडातून शेवटचे बुडबुडे सोडत, शिकवलं होतं तसा. काठाला धरून तो ओकला. मग म्हणाला, "रियाजभाई, नळीच घेऊन गेलास यार." हसला.

सरोजिनीबाईंनी त्या दिवशी दोघांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बोलल्या.

"नाकात पाणी जातं. घाबरायला होतं. त्याचं मला काही नाही. पण तिथे माणसं दोन होती आणि हवा एक होती. ती तू घेऊन गेलास."

रियाज सिलिंडरची झडप पुसत होता.

"मालवणला तुझ्या समोर कुणाची तरी आई असेल. कुणाचं तरी पोर असेल. जानेवारीत परत घेते परीक्षा. जमली नाही तर सिलिंडर भरायचं काम आहेच, आणि ते काही वाईट काम नाही. पण माणूस मी तुझ्या हातात देणार नाही. नवशिक्यांजवळसुद्धा नाही."

त्या आठवड्यापासून रियाज नवशिक्यांच्या बाजूला थांबेनासा झाला.

भीती त्याने अगदी ओळखीची मानली होती. दुसऱ्याच्या डोळ्यांत ती रोज बघायचा: बुबुळं मोठी होतात, खांदे कानांकडे चढतात. आपल्यात ती आली की आपल्याला दिसेल, असं त्याला वाटायचं. तसं झालं नाही. तिने त्याला कळूच दिलं नाही. त्याच्याच पायांनी निर्णय घेतला आणि त्याच्या जोडीदाराची हवा नेली, आणि तो मात्र नंतर व्हिडिओत बघून समजला. बुडून मरण्याची धास्ती त्याला तेव्हाही नव्हती. धास्ती या गोष्टीची होती की आपल्या आत कुणीतरी आहे, ते आपल्याला विचारत नाही, आणि आपल्याला ते भेटलेलंही नाही.

एक कोडं होतंच. प्राथमिक अभ्यासक्रमातही मास्क काढावा लागतो. तेव्हा रियाजने नाक चिमटीत धरलं होतं, आणि ते चालतं. अदलाबदलीत दोन्ही हात कामात असतात. सरोजिनीबाईंनी व्हिडिओ बघून निदान केलं की हा चिमूट धरायला जातो आणि उशीर होतो. म्हणून डिसेंबरभर चिमटीची सवय मोडण्याचा सराव झाला. हातांत वजनं देऊन बसवलं. हात मांडीखाली ठेवायला लावले. हात अडकलेला असला तरी खांद्यांना तो झटका बसायचाच, नाक पाणी ओढायचंच, आणि तो वर यायचा. दर वेळी बाई घोटा धरायला तयार असायच्या. दर वेळी धरावा लागायचा.

"पाण्यात नाकाने कोण श्वास घेतं रे?" त्या वैतागून म्हणाल्या. "मासेसुद्धा घेत नाहीत."

घरी सराव म्हणून त्यांनी बादली सांगितली होती. बादली भरायची, तोंडात स्नॉर्कलची, पाण्याच्या वर राहणारी नळी धरायची, चेहरा पाण्यात घालायचा आणि श्वास घेत बसायचं. डिसेंबर संपता संपता एका दुपारी अख्तरबानूंनी, रियाजच्या आईने, न्हाणीघराचं दार ढकललं तर एकतीस वर्षांचा मुलगा बादलीत तोंड घालून बसलेला.

"क्या चल रहा है ये?" घरात त्यांची बोली दख्खनी, बाहेर मराठी.

रियाजने चेहरा काढला. नाकातून पाणी, डोळे लाल. काही नाही, म्हणाला. अख्तरबानू दारातून हलल्या नाहीत. नोव्हेंबरपासून मुलगा जेवताना गप्प असतो हे त्यांनी पाहिलं होतं. शेवटी त्याने सगळं सांगितलं आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अख्तरबानूंनी चष्मा लावला. एकदा बघितला. मुलगा चित्रातून बाहेर गेला आणि दुसऱ्याचा हात पुढे आला तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. मग म्हणाल्या, परत लाव. परत बघितला. तिसऱ्यांदा हात नाकाकडे जातो तिथे त्यांनी स्वतःच बोट ठेवून चित्र थांबवलं.

"तू वजू कर रहा है रे."

"काय?"

"हाथ देख. चिमटी है क्या ये? पसा है."

चिमूट धरायला जाणाऱ्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पुढे असतं. चित्रातला तळवा वाटीसारखा होता, बोटं जुळलेली, आणि नाक त्याच्यावर झुकलेलं. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, तो वजू. त्यात उजव्या तळव्यात पाणी घेऊन ते नाकात ओढायचं आणि शिंकरून टाकायचं असतं, तीनदा. रियाज सात वर्षांचा असल्यापासून दिवसातून पाच वेळा ते करत आला होता. उघड्या चेहऱ्याला पाणी लागलं की पुढे काय करायचं, हे त्याच्या शरीराला इतकं पाठ होतं की तळाशी, बारा फुटांखाली, त्याने पुढची पायरी केली होती.

अख्तरबानूंना हसू आलं होतं. मुलाचा चेहरा बघून ते थांबलं.

चूक सापडली की हलकं वाटतं म्हणतात. रियाजला तसं वाटलं नाही. चूक असती तर सुधारता आली असती. ही चूक नव्हती. हे त्याला सोडायचं नव्हतं, आणि सोडायचं म्हटलं तरी चोवीस वर्षं दिवसातून पाच वेळा हाताने गिरवलेलं तीन आठवड्यांत पुसायचं कसं? इतके दिवस त्याला वाटत होतं की आत कुणी परकं आहे. ते परकं नव्हतं, तो स्वतःच होता, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

अख्तरबानू स्वयंपाकघराकडे वळल्या, दाराशी थांबल्या.

"रोजे में कैसा करता?"

रोज्यात वजू करताना पाणी नाकात वर ओढायचं नसतं, घशात गेलं तर रोजा तुटतो. नुसतं लावायचं.

"हळू," रियाज म्हणाला. "ओढत नाही."

"फिर?" त्या म्हणाल्या, आणि डाळ लागली का बघायला गेल्या.

शुक्रवारी नमाजानंतर रियाजने चुलत्यांना गाठलं. युसूफचाचा गाळ्यावरून निवृत्त झाल्यापासून बराच वेळ मशिदीतच असतात आणि विचारलं नाही तरी सल्ला देतात.

"चाचा, रोजा नसताना रोज्यासारखा वजू केला तर चालतो का? नाकाचं म्हणतोय."

"पाणी नाकात पोचलं म्हणजे झालं," चाचा म्हणाले. "मेंदूत पोचलं पाहिजे असं कुठं आहे? तुझा आवाज मला शेवटच्या सफेत, पार मागच्या रांगेत, येतो, म्हैस फुरफुरल्यासारखा. का विचारतोस?"

रियाजने सांगितलं. चाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"म्हणजे तू पाण्याखाली बसून वजू करतोस. आणि पहाटे फज्रच्या नमाजाला तुला उठवायला तुझ्या आईला तीन हाका माराव्या लागतात."

सरोजिनीबाईंना सांगणं जास्त अवघड होतं. आपल्या नमाजाला ही बाई दोष देईल की काय, ही एक वेगळी भीती त्याच्या मनात होती, आणि त्याने ती चार दिवस बाळगली. पाचव्या दिवशी सिलिंडरांत हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे महिनाभर मी तुझी चिमूट सोडवत होते आणि ती चिमूटच नव्हती."

"मलाही माहीत नव्हतं, मॅडम."

"करून दाखव. नेमकं कसं करतोस ते."

त्याने नळावर करून दाखवलं. बाई जवळ येऊन बघत राहिल्या, एखाद्या पोहणाऱ्याचा हात बघावा तशा.

"हे तू सोडावंस असं मी म्हणणार नाही. ते माझं काम नाही," त्या म्हणाल्या. "मास्क काढलास की नाकातून हवा बारीक सोडत राहायची. बाहेर येणाऱ्या हवेवर पाणी आत येत नाही. हात काही करो. आणि तुझी आई म्हणते ते कर. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलेलं दिसतंय, त्यात काही अवघड नाही म्हणा."

तेव्हापासून रियाज रोज पाच वेळा रोज्यासारखा वजू करत होता, पाणी नाकाला लावून, न ओढता. तलावात कधी जमायचं, कधी नाही. जमलं की वाटायचं, सुटलो. पुढच्याच खेपेला तळवा आपोआप वर यायचा. गुरुवारी शेवटचा सराव होता. पहिल्या दोन वेळा तो तळाशी बसून राहिला. तिसऱ्यांदा खांद्यांना झटका बसला, आणि तो वर होता, काठाला धरून खोकत. बाईंनी पुन्हा करू म्हटलं नाही. "शनिवारी बघू," म्हणाल्या. शुक्रवारभर रियाज तेवढ्या तिसऱ्या वेळेचाच विचार करत होता.

शनिवारी साडेआठला माधव आला. खोलीत सूट चढवताना रियाजला पत्र्याच्या भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू आला.

"मॅम, मला काही इश्यू नाहीये. फक्त, तुम्ही थोडं क्लोज थांबाल का? माझ्या साइडला?"

"तुझ्या की त्याच्या?"

पलीकडे बॅग जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्या, मॅम."

रियाजने मानेपर्यंत चेन ओढली. तो बाहेर आला, तेव्हा माधव काठावर पाय सोडून बसला होता आणि वाफ धरू नये म्हणून मास्कच्या काचेला थुंकी चोळत होता.

"काय भाई, रेडी?"

"रेडी."

"आज नळी शेअर करायची हं. कंपनी पॉलिसी."

"करू," रियाज म्हणाला.

नऊ वाजता ते खाली गेले. सरोजिनीबाई माधवच्या बाजूला बसल्या, त्याने मागितलं होतं तशा. आजही नळी रियाजच्या सिलिंडरची होती. पंख बदलले. माधवचं जॅकेट बाजूला आलं. नळी इकडून तिकडे जात होती, दोन श्वास, दोन श्वास, आणि दर वेळी ती देताना रियाजला दिसत होतं की माधवची नजर त्याच्या डोळ्यांवर नाही, नळीवर आहे.

मग बाईंनी स्वतःच्या मास्ककडे बोट केलं.

रियाजने दोन श्वास घेतले. नळी माधवला दिली. नाकातून हवा सोडायला सुरुवात केली आणि मास्क काढला. गार पाणी डोळ्यांवर, गालांवर, नाकाच्या पाळ्यांवर बसलं. समोरचा माधव निळसर डाग झाला. उजवा तळवा उचलला गेला. तो गेला, अर्ध्यापर्यंत, आणि रियाजला या वेळी तो जाताना कळला. त्या तळव्यात मास्कचा पट्टा होता. त्याने तो पुढे केला. माधवने मास्क घेतला.

नाक शांत होतं. हवेची बारीक ओळ वर जात होती. आता नळीची पाळी त्याची होती. त्याने हात पुढे केला.

नळी आली नाही.

माधवचे दोन श्वास झाले होते. रियाजला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं: नळीतला श्वास, आत जाताना फुसफुस, बाहेर येताना बुडबुडे. तिसरा झाला. चौथा. रियाजने माधवच्या हातावर टिचकी मारली. पाचवा. श्वास आता भरभर येत होते. रियाजच्या छातीत हवा कमी होत चालली होती आणि ती तो नाकातून सोडतही होता. सोडली नाही तर पाणी ओढलं जाईल, सोडली तर संपेल. पायांतले स्नायू ताठले. ते त्याला जाणवले. नोव्हेंबरात जाणवले नव्हते.

त्याने डाव्या हाताने चाचपडत माधवचं मनगट शोधलं. धरलं. नळी ओढली नाही. मनगटातली नाडी इतक्या जोरात उडत होती की त्याला वाटलं ती आपलीच आहे. दुसऱ्या हाताने त्याने ती खूण केली जी तो नवशिक्यांना करायचा: तळवा खाली, सावकाश, सावकाश. माधवने ती बघितली की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. हवेची ओळ संपली. रियाजने नाक आवळलं, आणि आता एकच उरलं होतं, वर जाणं, आणि जायचं तर या मनगटासकट, असं त्याने ठरवलं. त्याने गुडघा तळावरून उचलला.

मनगट सैल झालं. नळीचं रबर त्याच्या ओठांना लागलं.

पहिल्या श्वासात थोडं पाणी आलं. त्याने ते जिभेने अडवलं आणि दुसरा घेतला. मग नळी परत दिली. बाकीची अदलाबदल पुरी झाली. किती वेळ लागला ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. ते एकमेकांचे मास्क लावून वर आले.

माधवने काठाला दोन्ही कोपर टेकले.

"सॉरी, भाई. द्यायची होती. बोटंच उघडेनात. वाटलं, दिली की तू..."

"मी नेली होती ना," रियाज म्हणाला.

सरोजिनीबाई शिडीने वर आल्या, खुर्चीत बसल्या.

"रियाज, तुझं झालं. माधव, तुझं नाही."

"पण मॅम, मी वर नाही गेलो."

"नाही गेलास. देत पण नव्हतास. त्यानं हवा नेली, तू धरून ठेवलीस. समोरच्याला फरक काय पडतो?"

माधवने मान खाली घातली. बाई रियाजकडे वळल्या.

"अजून किती थांबला असतास?"

"नव्हतो थांबणार. गुडघा उचलला होता."

"दिसलं मला. मनगट सोडलं होतंस?"

"नाही."

"मग वर गेला असतास तरी चाललं असतं." त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. तो रिकामा होता. "घाबरला होतास?"

"हो, मॅडम."

"आता?"

"आता पण."

बाईंनी मान हलवली. अभिनंदन वगैरे कुणी केलं नाही. रियाज खोलीत गेला आणि बाकावर बसला. जॅकेटचा पट्टा सोडायला हात नेला, तर तो पट्टा माधवचा होता, आणि बोटांना त्याचं बक्कल सापडेना. ते सापडेपर्यंत तो बसून राहिला. बाहेर माधव बाईंना विचारत होता की फेरपरीक्षा कधी, आणि या वेळी जोडीदार कोण.

"दुसरं आहे कोण?" बाई म्हणाल्या.

माधव खोलीच्या दाराशी आला. आत आला नाही. रियाजने वर बघितलं. परत मास्क काढायचा, परत एका नळीवर, आणि समोर असा माणूस ज्याची बोटं उघडत नाहीत. तो लगेच हो म्हणाला नाही. माधवने ते बघितलं आणि तो तसाच उभा राहिला.

"येईन," रियाज म्हणाला.

उद्या रविवार. तलाव सातला उघडतो, रविवारी पोहणाऱ्यांची पहिली तुकडी आठलाच येते, म्हणून खोल भाग त्याआधी मोकळा करून द्यावा लागतो. माधव सरदेसाईची फेरपरीक्षा सव्वासातला आहे. जोडीदार रियाज बागवान.